गाडीचा ट्रक करू नका

प्रश्न: आम्ही जळगावचे. यजमानांची बदली बंगळुरूला झाली असून जूनपासून मुलांच्या शाळाही तिकडेच. घरात आम्ही दोघं, बारा आणि सहा वर्षांची दोन मुलं आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. त्यांना बीपी आणि साखर आहे. सामान ट्रकने पाठवायचं आणि आपण आपल्या गाडीने जायचं ठरलंय. गाडी सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक. मे अखेर निघू. मुलांना वाटेत काहीतरी बघायचंय, यजमान म्हणतात दोन दिवसांत सरळ पोहोचू, आणि मी म्हणते जमेल तेवढं सामान गाडीतच भरू, म्हणजे ट्रकचं भाडं वाचेल. कुणाचं ऐकावं? आणखी एक, सासूबाईंचं पुरणाचे मांडे भाजायचं मातीचं खापर आहे, तीस वर्षांचं. ते ट्रकमध्ये द्यायला त्या तयार नाहीत.
– एक वाचक, जळगाव

उत्तर: ताई, मुलांचं ऐका. यजमानांचं निम्मं ऐका. तुमचं मात्र या बाबतीत अजिबात ऐकू नका.

घरसामानाचं भाडं ठरतं ते ट्रकच्या आकारावर आणि अंतरावर. दोन खोल्या-हॉल-स्वयंपाकघराचं सामान साधारण १४ फुटी आयशरमध्ये बसतं, कपाटं-दिवाण जास्त असतील तर १७ फुटी लागते. तुम्ही गाडीत सहा खोकी कोंबलीत म्हणून १४ ची गाडी १० फुटी होत नाही. भाडं तेच राहतं आणि वर तुमच्या गाडीचे टायर, ब्रेक आणि आरशातलं मागचं दिसणं एवढं जातं.

हिशेब करून बघा. गाडीच्या पुस्तिकेत रिकामं वजन आणि एकूण अनुज्ञेय वजन असे दोन आकडे असतात. समजा ८९० आणि १३३५ किलो. फरक ४४५ किलो, आणि त्यात माणसंही आली. तुम्ही पाच जण मिळून अडीचशेच्या आसपास. कागदावर १९५ किलो उरतात, पण सात वर्षांच्या स्प्रिंगा, मे महिन्यातला तापलेला रस्ता आणि घाट धरून सामान शंभर किलोच्या आत ठेवा. टपावर कॅरिअर लावायचा विचारही नको. टपावरच्या वजनाने गाडी वळणावर झुकते, उघड्या माळावरच्या आडव्या वाऱ्याला ओढली जाते आणि पेट्रोल खाते.

जे घ्याल ते डिकीत असं लावा: सर्वांत जड वस्तू तळाला आणि मागच्या सीटच्या पाठीला टेकवून, हलक्या पिशव्या वर आणि दाराकडे. सीटच्या पाठीच्या वर एकही वस्तू येता कामा नये. मागची काच मोकळी हवी, आणि ८० च्या वेगात करकचून ब्रेक लागला तर वरचा कुकर थेट मुलांच्या डोक्यावर येतो.

आता स्टेपनी. हॅचबॅकची स्टेपनी डिकीच्या तळाशी, म्हणजे बरोबर तुमच्या सगळ्या सामानाखाली. टायर गेला की भर उन्हात रस्त्याकडेला अख्खी डिकी उपसावी लागते. म्हणून डिकीत सुटं सुटं काही ठेवू नका, चार-पाच मोठ्या बॅगांतच सगळं बसवा. पाच मिनिटांत बाहेर निघालं पाहिजे. जॅक, पाना आणि लाल त्रिकोण डिकीतून काढून ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली ठेवा. स्टेपनीत हवा आहे का ते निघायच्या आठवडाभर आधी बघा. वर्षानुवर्षं तिच्याकडे कुणी बघत नाही आणि लागते तेव्हा ती बसलेली निघते.

टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सात वर्षांच्या गाडीला पहिलेच टायर असतील तर नक्षी शिल्लक असली तरी बदला. रबर कडक होऊन बाजूला बारीक भेगा पडतात आणि भरलेल्या गाडीत टायर फुटतो तो तिथूनच. हवेचा दाब ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो: दोन माणसांसाठी एक आकडा, पूर्ण भाराला दुसरा, जास्त. तुम्हाला दुसरा लागू. हवा सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसताना भरा. दुपारी पंपावर दाब चार-पाच पॉइंट जास्त दिसेल, पोरगा म्हणेल "काढतो थोडी". काढू देऊ नका. तापलेल्या टायरचा दाब वाढलेलाच असतो. तेव्हा काढलेली हवा रात्री कमी पडते, आणि कमी हवेचा टायर जास्त तापतो.

सर्व्हिसिंगला गाडी दहा-बारा दिवस आधी द्या, आदल्या दिवशी नको. काही चुकीचं बसवलं असेल तर ते जळगावातच कळू दे. कूलंट, ब्रेकचे पॅड, पंख्याचा पट्टा, वायपरची रबरं आणि बॅटरी, एवढं सांगून बघून घ्यायचं. ४४ अंशांत एसी चालवत घाट चढताना कूलंटमध्ये पाणीच जास्त असेल तर काटा वर जातो. तसं झालं तर एसी बंद करा, वळण सोडून रुंद जागी थांबा, दोन मिनिटं इंजिन चालूच ठेवा आणि मग बंद करा. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

ट्रकचं थोडक्यात, पण नीट वाचा. दोन प्रकार असतात. पूर्ण गाडी घेतली तर तुमचं सामान जळगावात चढतं ते थेट बंगळुरूत उतरतं, दोन-तीन दिवसांत. शेअरिंगमध्ये भाडं कमी, पण वाटेत गोदामात माल एका गाडीतून दुसरीत पलटी होतो. फुटतं ते तिथे. वेळही आठवडाभर लागू शकतो. काच आणि फ्रिज असलेल्या घराने पूर्ण गाडीच घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सर्वांत स्वस्त भाव सांगणाऱ्यापासून लांब राहा. माल चढल्यावर वाटेत "वजन जास्त भरलं" म्हणत ट्रक अडवून जादा पैसे मागण्याचा धंदा जुना आहे. जीएसटी क्रमांक पडताळा, आगाऊ रक्कम थोडीच द्या, आणि बिल्टीवर (माल पाठवल्याच्या पावतीवर) नगांची संख्या, ट्रकचा क्रमांक, उतरवण्याची तारीख आणि ठरलेलं पूर्ण भाडं लिहून घ्या. प्रत्येक खोक्याला आकडा टाका, वहीत त्यात काय ते लिहा, महागड्या वस्तूंचे चालू स्थितीतले फोटो काढा. मालाचा विमा घ्या. मात्र तुम्ही स्वतः भरलेल्या खोक्यातलं फुटलं तर बहुतेक पॉलिसींत दावा मिळत नाही. म्हणून काचसामान त्यांच्या माणसांकडून भरून घ्या. दागिने आणि रोकड विम्यात बसत नाहीत. दागिने ट्रकमध्येही नको, गाडीतही नको. जळगावच्या लॉकरमध्ये राहू द्या, दिवाळीला याल तेव्हा बघू.

फ्रिज आदल्या दिवशी सकाळीच बंद करून पुसून कोरडा करा, उभाच न्यायला सांगा. आडवा केला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं. मग बंगळुरूत जितका वेळ आडवा होता तितका तरी उभा ठेवून मगच चालू करायचा. फ्रंटलोड वॉशिंग मशीन असेल तर नवं घेताना मागून काढलेले बोल्ट शोधा आणि परत बसवा, नाहीतर ड्रम धक्के खात खात हजार किलोमीटर जाईल. टीव्ही उभा, कधीच सपाट नाही. स्कूटीतलं पेट्रोल काढून जेमतेम पंपापर्यंत पुरेल एवढं ठेवा, बॅटरीची वायर सोडवा. इन्व्हर्टरची बॅटरी उभी आणि तिच्यावर काही न ठेवता, कारण आत आम्ल असतं. गॅस सिलिंडर ट्रकमध्येही नाही, गाडीतही नाही. एजन्सीकडे सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून पावती आणि अनामत घ्यायची, नवीन गावी त्या कागदावर जोडणी मिळते. शेगडी मात्र न्या.

आणि तो मोठा कूलर विकून टाका. खानदेशात त्याच्याशिवाय मे निघत नाही, पण बंगळुरू ९२० मीटरवर आहे, जळगाव दोनशेच्या आसपास. तिथे मेमध्येही तो कोपऱ्यातच राहील आणि ट्रकमध्ये अख्ख्या कपाटाची जागा खाईल. गोधड्या एकही टाकू नका. कपाटाच्या आरशाला, मिक्सरला, देव्हाऱ्याला गोधडीसारखं दुसरं पॅकिंग नाही.

आता रस्ता. जळगाव, अजिंठा, सिल्लोड, छत्रपती संभाजीनगर, बीड, धाराशिव, तुळजापूर, सोलापूर, विजयपूर, होसपेट, चित्रदुर्ग, बंगळुरू. एकूण अकराशे किलोमीटरच्या आसपास. संभाजीनगरपासून विजयपूरपर्यंत राष्ट्रीय महामार्ग ५२, पुढे चित्रदुर्गपर्यंत ५०, शेवटी ४८. पुण्यावरून जाण्याचा मोह नको. वाहतूक दुप्पट आणि वाट लांब.

यजमानांना सांगा, दोन दिवसांत जाता येतं, पण एकच चालक, सहा वर्षांचं पोर आणि साखर असलेल्या सासूबाई असताना जाऊ नये. दिवसाला ३५० ते ४२५ किलोमीटर पुरे. तीन रात्री, चौथ्या दिवशी मुक्कामी.

वार मुद्दाम ठरवा. शनिवारी ट्रक भरा, रात्री नातेवाइकांकडे झोपा (रिकाम्या घरात जमिनीवर झोपून पहाटे गाडी चालवायला बसायचं नाही), रविवारी पहाटे निघा. रविवार का, तर रविवारचा मुक्काम तुळजापूरला पडतो आणि सोमवारी सकाळी दर्शन होतं. सोमवारी निघालात तर दर्शन मंगळवारी येतं, आणि मंगळवारी देवीला काय गर्दी असते ते सासूबाई सांगतील. शुक्रवार आणि पौर्णिमाही टाळा. या हिशेबाने बुधवारी दुपारी बंगळुरू आणि ट्रक गुरुवारी सकाळी. ट्रकवाल्याला लेखी सांगा: "गुरुवारी सकाळी, त्याआधी नको." नाहीतर तो मंगळवारी रात्रीच पोहोचेल, तुमच्याकडे किल्ली नसेल आणि हॉल्टिंगचे पैसे लागतील. बंगळुरूतल्या मोठ्या सोसायट्यांत सामान चढवायला ठरलेल्या वेळा असतात, सर्व्हिस लिफ्ट आधी सांगून ठेवावी लागते, रविवारी बऱ्याच ठिकाणी नाहीच. शहरात दिवसा मोठ्या ट्रकना काही रस्ते बंद असतात. घरमालकाला हे आत्ताच विचारा, ट्रक दारात आल्यावर नको.

थांबे निवडताना एकच कसोटी लावा: तिथे भरलेली गाडी सोडून जाता येईल का? सहलीच्या गाडीत चोरण्यासारखं काही नसतं, तुमच्या गाडीत कागदपत्रांपासून लॅपटॉपपर्यंत सगळं आहे. म्हणून अजिंठा आणि वेरूळ या वेळी नाही. अजिंठ्याला गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटवर ठेवून बसने चार किलोमीटर आत जावं लागतं, तीन-चार तास गाडी एकटी उन्हात. आणि तुम्ही जळगावचे. अजिंठा तुमच्या अंगणात आहे, दिवाळीत या आणि निवांत बघा. फक्त तेव्हा सोमवार टाळा, लेणी बंद असतात; वेरूळ मंगळवारी.

त्याऐवजी साडेचारला निघा. नेरी, पहूर, फर्दापूर करत उजाडता घाटात याल. घाट चढून वर आलं की व्ह्यू पॉइंटचा फाटा लागतो. तिथून वाघूर नदीने कोरलेला तो नालाकृती कडा आणि त्यातली लेण्यांची रांग एका नजरेत दिसते. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी पहिल्यांदा दिसली ती अशीच वरून. मेमध्ये नदीत पाणी नसतं, पण पहाटेच्या उजेडात कडा बघण्यासारखा असतो. एकाने गाडीपाशी थांबावं, बाकीच्यांनी अर्ध्या तासात परतावं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी इथेच काढा. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस टिकतात. भरीत मात्र सोबत घेऊ नका, मेमध्ये दुपारपर्यंत आंबतं.

संभाजीनगरात हर्सूलकडून शिरू नका. सावंगीवरून बायपासने केंब्रिज चौक, तिथून झाल्टा फाटा आणि मग बीडचा रस्ता. बीडपुढे मांजरसुंब्याजवळ कपिलधारचा फाटा दिसेल, धबधब्याचे फोटो मुलांनी पाहिलेले असतील. मे अखेर तो कोरडा असतो, पावसाळ्यासाठी ठेवा. पुढे कुंथलगिरीच्या खव्याचे पेढे मिळतात; घ्या, पण त्याच दिवशी संपवा. खवा गाडीच्या उष्णतेत रात्रीपर्यंत तार सोडतो. दुपारी चारच्या आत तुळजापूर गाठा.

रात्रीचा मुक्काम आवारात पार्किंग आणि रखवालदार असलेल्या ठिकाणीच. गाडी उलटी लावायची, डिकी भिंतीला जवळजवळ टेकवून, म्हणजे कुणाला ती उघडताच येणार नाही. सामानावर गडद चादर घालायची ती जळगावातच. थांब्यावर उतरून चादर घातलीत तर आत काहीतरी आहे हे बघणाऱ्याला तुम्हीच सांगितलंत. कागदपत्रांची पिशवी मात्र गाडीत कधीच नाही, ती तुमच्या खांद्यावर.

सोमवारी दर्शन करून आठपर्यंत निघालात की सोलापूर बाहेरूनच ओलांडा (चादरींचा मोह आवरा, जागा नाही) आणि दीडशे किलोमीटरवर विजयपूर. गोल घुमट इथला. मुहम्मद आदिलशहाची कबर, १६५६ साली त्याच्या मृत्यूबरोबर काम थांबलं. घुमटाचा बाहेरचा व्यास ४४ मीटर आणि आत एकही खांब नाही. वरच्या सज्जात भिंतीशी तोंड नेऊन कुजबुजलेलं समोरच्या बाजूला स्पष्ट ऐकू येतं, टाळी वाजवली तर पुन्हा पुन्हा उमटते. मुलं यासाठी तुम्हाला आयुष्यभर दुवा देतील. जिने अरुंद आणि उंच पायऱ्यांचे आहेत, सासूबाईंनी चढू नये. खाली बाग आहे, सावली आहे. वर शाळेची सहल असेल तर ओरडण्याखेरीज काही ऐकू येत नाही, म्हणून शक्य तितक्या लवकर वर जा.

विजयपूरहून होसपेट दोनशे किलोमीटर. रस्ता चांगला आहे, पण दोन्ही बाजूला मैलोन्मैल एकसारखा माळ, आणि जेवणानंतर चालकाला झोप येते ती इथेच. म्हणून वाट थोडी वाकडी करून कूडलसंगमाला थांबा. कृष्णा आणि मलप्रभेचा संगम, बाराव्या शतकातल्या महात्मा बसवेश्वरांचं ऐक्यस्थळ. गाडी लावायला ऐसपैस जागा, देवळाची सावली, पाय मोकळे होतात. अलमट्टी धरणाच्या पाट्या दिसतील. मे अखेर पाणी तळाला असतं, सोडून द्या. अंधाराच्या आत होसपेट, आणि इथे दोन रात्री.

दोन रात्री का, तर मंगळवारी हंपीला जाताना सामान खोलीत ठेवून गाडी रिकामी नेता येते. या प्रवासातला हा एकच दिवस तुम्ही खऱ्या अर्थाने सहलीला आहात, म्हणून बाकी सगळीकडे कंजुषी करा आणि इथे सढळ व्हा. सकाळी सहाला निघा, बाराच्या आत खोलीवर परत, मधली दुपार झोप, चारनंतर पुन्हा. दगडांच्या त्या रानात दुपारी ताप परत अंगावर येतो, साखर असलेल्या माणसाने तिथे फिरूच नये. सकाळी आधी विजय-विठ्ठल मंदिर करा. गाडी अलीकडेच थांबवावी लागते, पुढे बॅटरीवर चालणारी गाडी मिळते, तिची रांग नऊनंतर वाढते. दगडी रथ सगळे बघतात. सासूबाईंना मात्र गाभारा दाखवा. तो रिकामा आहे. कृष्णदेवरायाने पंढरपूरचा विठ्ठल इथे आणला आणि संत एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत नेला, अशी कथा वारकरी परंपरेत सांगतात. ती तिथे, त्या मोकळ्या गाभाऱ्यापुढे ऐकायची. संध्याकाळी विरूपाक्ष आणि मागचा हेमकूट डोंगर, तिथे चढ थोडा आहे. एवढंच. हंपी एका दिवसात संपवायचा प्रयत्न करणारे शेवटी भांडतात.

बुधवारी सहाला होसपेट सोडा. नऊच्या आत चित्रदुर्गाचा किल्ला. मदकरी नायकाकडून हैदरअलीने तो १७७९ साली घेतला. तिथल्या एका फटीतून शत्रूचे सैनिक शिरत असताना पहारेकऱ्याच्या बायकोने, ओबव्वाने, हातातल्या मुसळाने एकेकाला टिपलं, असं सांगतात. ती फट आजही दाखवतात. कानडीत ओनके म्हणजे मुसळ, मुलांचा कन्नडमधला पहिला शब्द तोच होऊ दे. गाडी पुन्हा भरलेली असेल, म्हणून सासूबाई आणि एक मोठं माणूस खाली सावलीत, बाकीचे दोन तासांत परत. अकराला निघालात तर तीनपर्यंत बंगळुरूच्या वेशीवर. पाचनंतर नेलमंगलाच्या पुढे जी कोंडी होते त्यात अख्ख्या प्रवासाचा शीण एका तासात येतो.

वाटेतली सोय: दर दोन तासांनी दहा मिनिटं उतरायचंच, चालकाला दमलो असं वाटत नसलं तरी. पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरा. फास्टॅगमध्ये पुरेशी शिल्लक ठेवा. २०२५ मध्ये ३,००० रुपयांना सुरू झालेला वार्षिक पास एका फेरीसाठी परवडत नाही, पण वर्षात जळगावच्या दोन-तीन खेपा होणार असतील तर घ्या. महामार्गावर अडकलात तर १०३३, बाकी अडचणीला ११२. सासूबाईंच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या, पुढच्या पिशवीत. इन्सुलिन असेल तर थंड पिशवीत पायाशी, बर्फाला थेट चिकटवून नाही आणि डॅशबोर्डवर तर मुळीच नाही. जेवणाच्या वेळा घाटासाठी किंवा घुमटासाठी पुढे ढकलू नका.

गाडीत काय घ्यायचं याचा उलगडा आता सोपा आहे. चार दिवसांचे कपडे, पाच लिटरचा पाण्याचा कॅन आणि एक "पहिल्या रात्रीची" बॅग: इंडक्शन शेगडी, त्यावर चालणारा छोटा कुकर, तवा, पाच ताटं-वाट्या, तांदूळ-डाळ-तिखट-मीठ, चार चादरी, बादली-मग, दोन बल्ब, पेचकस, एक्स्टेंशन बोर्ड. ट्रक एक दिवस उशिरा आला तरी खिचडी होते.

कागदांत दोन गोष्टी लोक विसरतात. मुलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, परराज्यात जाताना, जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्यावी लागते. शाळा हे आपणहून सांगत नाही, आणि बंगळुरूहून त्या एका सहीसाठी परत यावं लागतं. दुसरं म्हणजे गाडी. परराज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवायची तर नोंदणी बदलावी लागते. त्यासाठी जळगावच्या आरटीओ (एमएच-१९) कार्यालयातून नमुना २८ वर ना हरकत घ्यायची, अर्जावर चॅसिस क्रमांकाचा पेन्सिलने घासून घेतलेला ठसा लागतो, गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेचं पत्र. तिथे नवा कर भरल्यावर इथल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, म्हणून जुनी करपावती जपून ठेवा. बदली वर्षभराचीच असेल तर यातलं काही करू नका.

राहिलं खापर. सासूबाई बरोबर आहेत, ते ट्रकमध्ये द्यायचं नाही. खापर हादऱ्याने सहसा फुटत नाही, एका बिंदूवर दाब आला की फुटतं. वर खोकं ठेवलं, बाजूला शेगडीचा कोपरा लागला, की गेलं. तीस वर्षं आच खाल्लेली माती आतून कुठे चिरलेली असते ते दिसत नाही. बोटाच्या पेराने टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द आवाज आला तर चीर आहे, मग आणखी जपून.

कपडे धुवायचा मोठा प्लॅस्टिकचा टब घ्या. तळाशी जुन्या लुगड्याची जाड चुंबळ, डोक्यावर हंडा ठेवायला करतात तशी, पण खापराच्या तोंडाएवढी रुंद. त्यावर खापर तोंड खाली करून ठेवा, म्हणजे भार सगळ्या काठावर सारखा बसतो. आतल्या पोकळीत आधीच सुती कपड्यांचा सैल गोळा घाला, कोंबायचा नाही. आतून ताण आला तरी ते फुटतं. टब आणि खापर यांच्या मधली फट गोधडीने भरा, इतकी की टब हलवला तर आत काही सरकू नये. वर दुसरी गोधडी, आणि तिच्यावर काहीही नाही, पोरांच्या चिप्सचं पाकीटसुद्धा नाही. टब डिकीत नको. ड्रायव्हरच्या मागच्या सीटच्या पायाशी, पुढची सीट थोडी सरकवून घट्ट अडकवा. त्या जागी धाकटा बसेल, त्याचे पाय तसेही खाली टेकत नाहीत. हंपीच्या दिवशी टब खोलीवर उतरवायचा.

बंगळुरूत उघडल्यावर लगेच आचेवर ठेवू नका. एक दिवस घरातल्या हवेत राहू द्या, मग अगदी मंद आचेवर हळूहळू तापवा. इंडक्शनवर ते चालत नाही, तेव्हा गॅसची जोडणी होईपर्यंत मांडे लांबणीवर.